डाव्या खिशातला पास : स्की-लिफ्टच्या तिकिटाचा इतिहास

पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्छादित डोंगरउतारावरून घसरत खाली येण्याच्या खेळात, म्हणजे स्कीइंगमध्ये, खाली येणे हा आनंदाचा भाग असतो आणि पुन्हा वर जाणे हा खर्चाचा. हे वर जाणे ज्या यंत्राने होते त्याला लिफ्ट म्हणतात. मात्र इमारतीतील लिफ्ट येथे अभिप्रेत नसून, खांबांवरून फिरत राहणारा अखंड पोलादी दोर आणि त्याला लटकवलेल्या दांड्या, खुर्च्या किंवा बंद पाळणे अशी तिची रचना असते. या लिफ्टवर चढण्याचा हक्क सिद्ध करणारे साधन आधी कागदाचे होते, मग पुठ्ठ्याचे व प्लास्टिकचे झाले आणि शेवटी त्यात चिप आली. हा इतिहास सहसा सोयीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पूर्वी हातमोजे काढून तिकीट दाखवावे लागे, आता पास खिशातच राहतो आणि फाटक आपोआप उघडते, अशी ती हकिगत आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या तिकिटाची वाटचाल बारकाईने पाहिली तर तिला दिशा देणारी मोठी शक्ती हिशेबाची होती असे दिसते. एकाच डोंगरावर अनेक मालकांच्या लिफ्ट असताना एका प्रवाशाने भरलेले पैसे कोणात आणि कोणत्या प्रमाणात वाटायचे, हा प्रश्न सुटल्याशिवाय आजचा पास जन्माला येऊ शकत नव्हता.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ प्रदेशातील शोलाख या खेड्यात रोबर्ट विंटरहाल्डर याने १९०८ साली सुमारे २८० मीटर लांबीची जी लिफ्ट उभारली, ती पाणचक्कीच्या बळावर चालत असे आणि तिचा मालक, चालक व वसुली करणारा एकच होता. पुढे आल्प्स पर्वतात मोठी भांडवली कामे झाली, ती प्रामुख्याने रेल्वेच्या वळणाची होती: ऑस्ट्रियातील किट्सब्यूएल येथे हानेनकाम डोंगरावरचा रज्जुमार्ग १९२८ मध्ये सुरू झाला, तर स्वित्झर्लंडमधील डावोस येथे पार्सेनच्या उतारांवर दोराने ओढली जाणारी रूळगाडी १९३१-३२ मध्ये धावू लागली. साहजिकच तिकिटाची रीतही रेल्वेचीच आली. खिडकी, जाड पुठ्ठ्याचे तिकीट, त्याला चिमट्याने भोक पाडणारा कर्मचारी आणि प्रत्येक फेरीचे वेगळे भाडे, असा तो सारा सरंजाम होता. १९३४ च्या नाताळात अर्न्स्ट कोन्स्टाम या अभियंत्याने डावोस येथे बसवलेली दांडीची लिफ्ट आणि १९३६ च्या अखेरीस अमेरिकेतील आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे सुरू झालेली पहिली चेअरलिफ्ट, म्हणजे खुर्च्यांची लिफ्ट, यांनी मात्र गतीच बदलून टाकली. युनियन पॅसिफिक रेल्वेचा अभियंता जेम्स करन याला या खुर्च्यांची कल्पना जहाजांवर केळ्यांचे घड चढवणाऱ्या आकड्यांच्या साखळीवरून सुचली होती, आणि केळ्यांच्या घडांप्रमाणेच माणसेही आता न थांबता, एकामागून एक वर जाऊ लागली. रेल्वेचा डबा भरेपर्यंत तिकीट तपासायला जो निवांतपणा मिळत असे, तो फिरत्या दोराने हिरावून घेतला.

यावरचा पहिला उपाय होता गुणपत्रिकेसारखे कार्ड. जर्मन भाषक प्रदेशात ते ‘पुंक्टेकार्टे’ म्हणजे गुणांचे कार्ड या नावाने ओळखले जाई. प्रवासी ठरावीक गुण एकदम विकत घेई आणि प्रत्येक लिफ्टवर तिच्या लांबीनुसार व उंचीनुसार काही गुण चिमट्याने कापले जात. या पद्धतीत हिशेब चोख होता, कारण जी लिफ्ट वापरली तिचेच गुण कापले जात. पण गोठलेल्या बोटांनी ओलसर कार्ड बाहेर काढणे, ते पुढे करणे आणि परत आत ठेवणे हा व्याप दिवसातून वीस-पंचवीस वेळा करावा लागे. दुसरा उपाय होता दिवसाचा पास, ज्यात एकदा पैसे भरले की संध्याकाळपर्यंत कितीही फेऱ्या मारता येत.

हा दुसरा उपाय साधा वाटतो, परंतु तिकिटाच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण तेथे आहे. फेरीच्या तिकिटात विक्रीची वस्तू प्रवास ही असते आणि तो झाला की तिकीट संपते. दिवसाच्या पासात विक्रीची वस्तू वेळ ही होते आणि पास दिवसभर जिवंत राहतो. म्हणून तपासणाऱ्याचा प्रश्नही बदलतो. ‘या फेरीचे पैसे भरले आहेत का’ हे विचारून भागत नाही, ‘पैसे भरणारा माणूस हाच का’ हे विचारावे लागते, कारण दुपारी थकून परतणारा माणूस आपला पास दुसऱ्याला देऊ शकतो. मुंबईच्या लोकलच्या मासिक पासाबरोबर छायाचित्राचे ओळखपत्र बाळगावे लागते, त्यामागचे कारणही हेच आहे.

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर तारेच्या तुकड्यात शोधले. सुरुवातीस तेथे पास कपड्यांना स्टेपलरने टाचला जाई किंवा दोरीने बांधला जाई. टाचण्यांनी महागडी जाकिटे फाटत आणि दोरी सोडवून पास हस्तांतरित करणे तर सहज जमे. व्हर्मॉन्ट राज्यातील किलिंग्टन या स्की-स्थळी चार्ल्स हॅन्ली याने १९६३ मध्ये यावर जी युक्ती काढली ती ‘विकेट’ या नावाने प्रसिद्ध झाली. क्रिकेटच्या विकेटशी तिचा संबंध नाही. ती वाकवलेल्या बारीक तारेची एक कडी असे, जी जाकिटाच्या साखळीच्या छिद्रात अडकवायची आणि मग मागे गोंद असलेले कागदी तिकीट तिच्यावर दुमडून चिकटवायचे. असे तिकीट फाडल्याविना निघत नसे, आणि फाटलेले तिकीट चालत नसे. ही युक्ती इतकी स्वस्त आणि इतकी पुरेशी होती की पुढची चार दशके अमेरिकेतील बहुतेक स्की-स्थळांनी तिच्यावरच काम भागवले. जुनी तिकिटे जाकिटाला तशीच लोंबू देण्याची हौसही त्यातूनच रूढ झाली. तारेच्या जोडीला कायदाही आला. कोलोरॅडो राज्यात लिफ्टचे तिकीट परस्पर दुसऱ्याला विकणे हा कायद्याने गुन्हा ठरवण्यात आला आहे.

आल्प्समधील परिस्थिती मुळातच निराळी होती आणि तिचे कारण जमिनीच्या मालकीत आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील अनेक स्की-स्थळे संघराज्याच्या वनजमिनीवर परवान्याने उभी आहेत, त्यामुळे तेथे सहसा एक डोंगर आणि एक कंपनी असा मामला असतो. आल्प्समध्ये मात्र उतार शेतकऱ्यांचे, कुरणे गावाची आणि लिफ्ट कधी ग्रामपंचायतीची, कधी हॉटेलवाल्यांच्या मंडळाची, कधी एखाद्या कुटुंबाची अशी विभागणी होती. शेजारशेजारच्या खोऱ्यांतील लिफ्ट वाढत वाढत डोंगराच्या माथ्यावर एकमेकींना येऊन भिडल्या, तेव्हा स्कीपटूला एका खोऱ्यातून निघून दुसऱ्यात उतरता येऊ लागले, पण त्याचे तिकीट माथ्यावरच संपत होते. १९६० च्या ऑलिम्पिकमधील सुवर्णपदक विजेता झाँ व्ह्युआर्ने याने पुरस्कारलेला पोर्त द्यु सोलेय हा प्रदेश तर फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या दोन देशांत, म्हणजेच दोन चलनांत पसरलेला होता. इटलीच्या डोलोमाइट पर्वतराजीत १९७४ साली डोलोमिटी सुपरस्की हा संघ स्थापन झाला. आज त्यात बारा प्रदेश, सुमारे ४५० लिफ्ट आणि सुमारे १,२०० किलोमीटर लांबीचे उतार येतात, आणि हे सारे एका पासावर फिरता येते. या लिफ्ट चालवणाऱ्या कंपन्या मात्र एकमेकींपासून स्वतंत्र आहेत.

एका पासाचे पैसे स्वतंत्र कंपन्यांत वाटायचे असतील तर दोनच मार्ग संभवतात: आधीच टक्केवारी ठरवून घेणे, किंवा कोणत्या लिफ्टने किती माणसे नेली हे मोजणे. टक्केवारीत दरवर्षी नवा वाद असतो, कारण एखाद्या कंपनीने नवी, जलद लिफ्ट बांधली की तिचा वाटा का वाढू नये हे सांगता येत नाही. मोजणीत न्याय असतो, परंतु माणसांनी माणसे मोजायची तर ती रोज, प्रत्येक लिफ्टवर, बर्फवृष्टीत, शेजाऱ्याचा विश्वास बसेल इतक्या अचूकपणे मोजावी लागतात. याच गरजेने आल्प्सला यंत्राकडे वळवले. अमेरिकेत प्रश्न चोरीचा होता आणि त्याला तार पुरली. आल्प्समध्ये प्रश्न वाटणीचा होता आणि त्याला तार कधीच पुरली नसती. इलेक्ट्रॉनिक पास आल्प्समध्ये आधी का आला आणि तंत्रज्ञानात पुढे असलेल्या अमेरिकेत तो इतका उशिरा का पोहोचला, याचे हेच सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे.

या गरजेतून जो उद्योग उभा राहिला त्याचे केंद्र साल्झबुर्ग हे ऑस्ट्रियातील शहर बनले. तेथून जवळच ग्यूंटर वाल्खर याने १९७७ मध्ये स्किडेटा ही कंपनी काढली. तिची पहिली उत्पादने छापील स्की-तिकिटे आणि ती विकण्याची रोकडयंत्रे ही होती. कंपनीच्या नावातच ‘डेटा’ म्हणजे नोंदींचा साठा हा शब्द असावा, ही गोष्ट बोलकी आहे. पुढच्या काळात तिकिटावर चुंबकीय पट्टी आली, म्हणजे ध्वनिफितीसारखा तपकिरी थर, ज्यावर माहिती लिहिता व वाचता येते. लिफ्टच्या तोंडाशी फिरत्या दांड्यांचे फाटक बसवण्यात आले, त्याच्या फटीत पास सरकवला की यंत्र तारीख वाचून दांडी मोकळी करी आणि ती फेरी नोंदवून ठेवी. मोजणी यंत्राच्या हाती गेली, वाटणीचा वाद निवळू लागला. पण सोयीच्या दृष्टीने हे पाऊल मागेच पडले होते. पूर्वी पास छातीवर लटकत असे आणि कर्मचारी नजरेनेच तो तपासत असे, आता मात्र हातमोजा काढून पास यंत्रात घालणे भाग पडले. फटीत बर्फ साचे, ओला पास अडके आणि रांग लांबत जाई. ज्यांना हा इतिहास केवळ सोयीचा वाटतो त्यांनी या टप्प्याकडे अवश्य पाहावे: प्रवाशाची गैरसोय वाढवूनही कंपन्यांनी ही पद्धत स्वीकारली, कारण तिने त्यांचा हिशेब सुटत होता.

गैरसोय दूर केली ती रेडिओलहरींनी. स्वतःची बॅटरी नसलेली वस्तू दुरून ओळखता यावी या कल्पनेवर अमेरिकेत मारिओ कार्डुलो आणि चार्ल्स वॉल्टन यांनी १९७३ च्या सुमारास पेटंट मिळवली होती. वॉल्टनची योजना दार उघडणाऱ्या कार्डाचीच होती. तिचे कार्य असे चालते: कार्डाच्या आत कडेकडेने तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक तारेचे वेढे असतात आणि त्यांना तांदळाच्या दाण्याहूनही लहान चिप जोडलेली असते. फाटकात बसवलेल्या वाचकयंत्राच्या मोठ्या वेढ्यातून सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र बाहेर पडते. कार्ड त्या क्षेत्रात आले की त्याच्या वेढ्यांत वीज निर्माण होते, चिप तेवढ्या विजेवर जागी होते आणि त्याच क्षेत्रात सूक्ष्म चढउतार घडवून आपला क्रमांक कळवते. चिपमध्ये वीज साठवलेली नसल्यामुळे कार्ड थंडीने दुबळे होत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते, हा गुण बर्फाच्या प्रदेशात अनमोल ठरला. घड्याळकार कंपनी स्वॉच हिने १९९५ मध्ये स्किडेटाच्या तंत्रावर आधारलेले ‘ॲक्सेस’ नावाचे मनगटी घड्याळ आणले, ज्याच्या पोटात अशी चिप होती आणि ज्यावर स्की-पास भरता येत असे. १९९८ मध्ये साल्झबुर्गच्याच परिसरात ॲक्सेस या नावाची दुसरी कंपनी निघाली. घड्याळाशी तिचे नामसाम्य असले तरी ती स्किडेटाची प्रतिस्पर्धी म्हणून वाढली.

दोन स्पर्धक कंपन्यांची कार्डे एकाच डोंगरावर चालायची असतील तर सर्वमान्य प्रमाणाची गरज होती. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेचे १५६९३ क्रमांकाचे प्रमाण २००० च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि ते स्की-पासाला नेमके लागू पडले. या प्रमाणातील कार्डे १३.५६ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर सुमारे एक मीटर अंतरापर्यंत वाचता येतात. शहरी मेट्रोचे कार्ड याच वारंवारतेवर चालते, परंतु त्याचे प्रमाण वेगळे असून ते यंत्राला जवळजवळ टेकवावे लागते. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे: मेट्रोच्या कार्डातून पैसे वजा होतात, म्हणून ते चुकून वाचले जाऊ नये, स्की-पासाचे पैसे आधीच भरलेले असतात, म्हणून तो जाकिटाच्या थरांतूनही वाचला जावा. महाराष्ट्रातील वाहनधारकांच्या परिचयाचा फास्टॅग, जो राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला, तोही बॅटरीविना चालणाऱ्या याच कुळातला आहे; मात्र तो बऱ्याच उच्च वारंवारतेवर आणि काही मीटर अंतरावरून वाचला जातो.

एक मीटर हे अंतर पुरेसे होते, पण अतिरेकी नव्हते. अंतर अधिक असते तर शेजारच्या फाटकातील माणसाचा पास वाचला जाण्याची भीती होती. म्हणून आल्प्समधील फाटकांत वाचकयंत्र चालणाऱ्याच्या डाव्या हाताला बसवण्याची रीत पडली आणि पास डाव्या खिशात ठेवावा अशी सूचना जागोजागी लागली. जाकिटे शिवणाऱ्या कंपन्यांनी डाव्या बाहीवर पासापुरता छोटा खिसा द्यायला सुरुवात केली, जो आज स्कीच्या जवळजवळ प्रत्येक जाकिटावर आढळतो. त्याच खिशात चॉकलेटचा चंदेरी कागद किंवा मोबाइल ठेवला की फाटक उघडत नाही, कारण धातूच्या पातळ पत्र्याने चुंबकीय क्षेत्र अडते. अभियांत्रिकीतील एका बारीक निर्णयाने शिवणकामाची रीत बदलावी, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासातील मोठे लोभस उदाहरण आहे.

कार्ड पुन्हा पुन्हा भरता येत असल्याने ते अनामत रकमेवर दिले जाऊ लागले. स्वित्झर्लंडमध्ये ही अनामत बहुधा पाच फ्रँक असे. कार्डावर छापलेला क्रमांक संकेतस्थळावर टाकून घरबसल्या नवा पास भरता येऊ लागला, तेव्हा खिडकीपुढची रांगही ओसरू लागली. माणूस तोच आहे का हा जुना प्रश्न कॅमेऱ्याकडे सोपवण्यात आला: पहिल्या फेरीच्या वेळी फाटकावरचा कॅमेरा छायाचित्र टिपतो, आणि नंतरच्या फेऱ्यांना ते छायाचित्र व समोरची व्यक्ती कर्मचाऱ्याच्या पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात. पास व्यक्तीशी इतका पक्का बांधला गेल्यावर किमतीचे प्रयोगही शक्य झाले. स्वित्झर्लंडमधील साआस-फे या गावाने २०१६ मध्ये संपूर्ण हंगामाचा पास अवघ्या २२२ फ्रँकला देऊ केला, अट एवढीच होती की ९९,९९९ लोकांनी तो आगाऊ घ्यायला हवा. तो आकडा गाठला गेला नाही, तरीही गावाने आपला शब्द पाळून पास दिले, आणि शेजारच्या स्की-स्थळांना आपापल्या दरांचा फेरविचार करावा लागला. मागणीनुसार रोज बदलणारे दर त्यानंतरच्या वर्षांत अनेक ठिकाणी रुजले. ते दूरच्या, उशिरा ठरवणाऱ्या आणि बेताच्या ऐपतीच्या कुटुंबावर अन्याय करतात, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

अमेरिकेने चिप स्वीकारली ती या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि तिचे कारणही वेगळे होते. व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २००८ मध्ये आपल्या सर्व स्की-स्थळांसाठी एपिक पास हा एकत्रित हंगामी पास काढला आणि २०१० मध्ये एपिकमिक्स ही सेवा सुरू केली, जिच्यात लिफ्टवर वाचल्या जाणाऱ्या पासावरून प्रत्येकाने दिवसभरात किती फूट उंची उतरून पार केली हे मोजून त्याला दाखवले जाई. जवळजवळ सर्व स्थळे एकाच कंपनीच्या मालकीची असल्यामुळे वाटणीचा प्रश्न तेथे गौण होता. नोंदींचा उपयोग ग्राहक समजून घेण्यासाठी आणि त्याला बांधून ठेवण्यासाठी झाला. पण २०१८ मध्ये अल्टेरा या प्रतिस्पर्धी कंपनीने आयकॉन पास आणला, ज्यात तिच्या स्वतःच्या स्थळांबरोबर इतर मालकांची भागीदार स्थळेही होती आणि भागीदारांना त्यांच्याकडे पडलेल्या भेटींनुसार मोबदला द्यावा लागतो. डोलोमाइटच्या खोऱ्यांनी १९७४ मध्ये स्वतःला जो प्रश्न विचारला होता, तोच चव्वेचाळीस वर्षांनी अमेरिकेसमोर आला, आणि त्याचे उत्तरही फाटकावरची मोजणी हेच निघाले.

या मोजणीची किंमत प्रवाशानेही मोजली आहे. वाटणीसाठी माणसांची संख्या पुरेशी होती, नावाची गरज नव्हती. परंतु नाव, छायाचित्र, वेळ आणि लिफ्ट यांच्या नोंदी एकत्र आल्या की माणसाच्या संपूर्ण दिवसाचा नकाशा तयार होतो. बेपत्ता झालेल्या स्कीपटूचा शोध घेताना तो शेवटी कोणत्या लिफ्टवर चढला हे कळणे जीव वाचवू शकते, हे मान्य करूनही असा नकाशा किती काळ ठेवावा आणि कोणाला दाखवावा याचे बंधन आवश्यक आहे. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या विदासंरक्षण नियमांनी ते बंधन घातले, ही इष्ट गोष्ट होय.

भारतातील उदाहरण या विवेचनाला उलट बाजूने पुष्टी देते. काश्मीरमधील गुलमर्गचा रज्जुमार्ग पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीने बांधला; त्याचा कोंगदूरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवात शिखराच्या कुशीपर्यंतचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्या असंख्य पर्यटकांनी त्यातून प्रवास केला आहे आणि त्यांतील फार थोड्यांनी स्की पायाला बांधली असेल. मालक एकच सरकारी महामंडळ, प्रवासी बहुतांश एकदाच वर जाऊन परतणारे, त्यामुळे तेथे तिकीट टप्प्याचे व फेरीचेच राहिले आणि सुधारणा झाली ती आरक्षणात, ऑनलाइन नोंदणीच्या रूपाने. वाटणीचा प्रश्न नाही, म्हणून तो पासही नाही.

ज्या कंपनीने छापील स्की-तिकिटांपासून आरंभ केला, ती स्किडेटा २००१ मध्ये कुडेल्स्की या स्विस कंपनीकडे गेली, जिचा मुख्य व्यवसाय सशुल्क दूरचित्रवाहिन्यांचे प्रक्षेपण सांकेतिक करण्याचा होता. डोंगरावर विकसित झालेली फाटके तोवर वाहनतळ, विमानतळ आणि क्रीडागारांच्या दारांवर पोहोचली होती. २०२४ मध्ये स्किडेटा पुन्हा विकली गेली. तिची आजची मालक आसा ॲब्लॉय ही स्वीडनमधील कुलपे बनवणारी कंपनी आहे.